गिझरचे थेंब थांबवू नका

दिवाळी सरली आणि माळशेजच्या बाजूने पहाटेचा गार वारा उतरू लागला की मुरबाड आणि शहापूरच्या बाजारपेठेतल्या प्लंबिंगच्या दुकानांत एक तक्रार हटकून येते : ‘गिझर गळतोय.’ मिस्त्री घरी जाऊन पाहतो तर गिझर नवा, टाकी शाबूत, पाइपांचे जोड कोरडे. बटण चालू केल्यावर थोड्या वेळाने, गार पाणी आत जाते त्या बाजूच्या लहानशा झडपेतून एकेक थेंब पडू लागतो. बटण बंद केले की काही वेळाने थेंबही थांबतात.

‘‘दादा, आधी हे टपटपणं बंद करा. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट बघतो आम्ही, आणि हे रोज वाया जातंय,’’ असे घरातल्या ताईने सांगितले की मिस्त्रीलाही नाही म्हणवत नाही. मग झडपेच्या तोंडाला टेफ्लॉन टेप गुंडाळून प्लग बसवला जातो, कुठे एम-सील भरले जाते. थेंब थांबतात आणि घरातल्यांना काम चोख झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या क्षणी गिझरमधून बाहेर पडण्याची पाण्याची एकमेव वाट बंद झालेली असते.

त्या ताईचे म्हणणे चुकीचे नाही. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसा धरण तर १८९२ सालचे. तरीही याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. डोक्यावरून पाणी आणलेल्या घराला पडणारा प्रत्येक थेंब टोचतो. पण गिझरखाली पडणारा हा थेंब गळतीचा नाही. तापल्यामुळे जागेपेक्षा जास्त झालेले ते पाणी आहे, आणि त्याला बाहेर येऊ देणे हेच त्या झडपेचे काम आहे.

तापलेल्या पाण्याला जागा लागते

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत दाट असते. तेथून पुढे ते जसजसे तापते तसतसे फुगते. २५ अंशांचे पाणी ६५ अंशांपर्यंत तापवले तर त्याचे आकारमान साधारण पावणेदोन टक्क्यांनी वाढते. आकडा लहान वाटतो, पण हिशेब करून पाहावा. १५ लिटरच्या गिझरमध्ये पाव लिटर, म्हणजे मोठा पेलाभर पाणी जास्तीचे होते. २५ लिटरच्या गिझरमध्ये सुमारे ४०० मिलिलिटर, आणि २०० लिटरच्या सौर टाकीत तीन लिटरांहून अधिक.

पातेल्यात पाणी तापवताना हे लक्षात येत नाही, कारण पातेले वरून उघडे असते. पाण्याची पातळी किंचित वर चढते, एवढेच. जुन्या घरांतला तांब्याचा बंबही असाच. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, वर सैल झाकण आणि खाली तोटी. पाणी फुगले तर झाकणाखाली वर यायला जागा होती. चुलीवरचा हंडा तर सगळाच उघडा. बंबाने हात भाजला असेल, धुराने डोळे चुरचुरले असतील, पण पाण्याच्या दाबाने बंब फुटण्याचा प्रश्न नव्हता.

गिझरची गोष्ट वेगळी आहे. त्याची टाकी काठोकाठ भरलेली असते. वर हवेची जागा नसते. गरम पाण्याचा नळ बंद असेल आणि गार पाण्याच्या बाजूने मागे जायलाही वाट नसेल, तर ते जास्तीचे पेलाभर पाणी जाणार कुठे?

पाणी दाबून लहान करता येत नाही, निदान घरगुती टाकीच्या ताकदीत तरी नाही. पूर्ण बंद आणि अजिबात न ताणणाऱ्या भांड्यात पाणी काठोकाठ भरले, तर ४० अंशांच्या आसपास त्याचे तापमान केवळ एका अंशाने वाढले तरी आतला दाब सुमारे ८ बारने वाढतो. ८ बार म्हणजे जवळपास ८० मीटर उंच उभ्या पाण्याच्या स्तंभाचा भार. एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीचा दाब अर्ध्या बारच्या आसपास असतो, हे शेजारी ठेवले की फरक कळतो. प्रत्यक्षात टाकीचा पत्रा आणि पाइप थोडे ताणतात, त्यामुळे दाब इतक्या झपाट्याने चढत नाही. पण तापमान एका अंशाने नव्हे, चाळीस अंशांनी वाढत असते.

ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात धुतला आणि तो फुटला, असे पूर्वी अनेक घरांत घडे. त्याचेही कारण हेच. पारा फुगतो, वरची नळी संपते, आणि काच तडकते. गिझरच्या टाकीत पाऱ्याऐवजी पाणी असते आणि काचेऐवजी पोलाद.

घर हळूहळू ‘बंद’ कसे होते

गच्चीवर टाकी, तिथून खाली येणारा पाइप, आणि त्यावर गिझर. ही साधी मांडणी मुळात उघडी असते. फुगलेले पाणी त्याच पाइपातून मागे सरकते आणि टाकीतले पाणी नकळत वर चढते. पण गेल्या काही वर्षांत घरांत एकेक नवी वस्तू येत गेली, आणि प्रत्येक वस्तूने ही परतीची वाट थोडी थोडी बंद केली.

पहिली वस्तू म्हणजे एनआरव्ही, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. गिझरमधले गरम पाणी मागे फिरून प्लास्टिकच्या पाइपांत जाऊ नये आणि वरची टाकी रिकामी झाली तर गिझर कोरडा पडू नये, म्हणून ती लागते. साठवणीच्या गिझरसोबत जी बहुकामी झडप मिळते, तिच्यात ही एनआरव्ही आणि दाब सोडणारी सुरक्षा झडप अशी दोन्ही कामे एकत्र असतात. एक काम पाण्याची मागची वाट अडवते, दुसरे जादा पाण्याला बाहेरची वाट देते. म्हणूनच या झडपेच्या तोंडाला प्लग बसवणे घातक ठरते. अडवणारे काम चालू राहते आणि सोडणारे बंद पडते.

दुसरी वस्तू प्रेशर पंप. शॉवरला धार यावी म्हणून बंगल्यांत तो सर्रास बसवतात. पंपाला स्वतःची एनआरव्ही असते, शिवाय तो पाइपांत कायम दाब ठेवतो. काही पंपांना लहान दाबटाकी जोडलेली असते. ‘फुगलेले पाणी त्या टाकीत जाईल’ असे मिस्त्री सांगतात. ते अर्धेच खरे आहे. दाबटाकी आणि गिझर यांच्यामध्ये एनआरव्ही असेल, तर गिझरमधले पाणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

तिसरी गोष्ट सवयीची. पाणी जपायचे म्हणून घरातून निघताना मुख्य कॉक बंद करण्याची पद्धत ग्रामीण भागात पक्की आहे. मुरबाड आणि शहापूर परिसरात शनिवार-रविवारपुरती वापरली जाणारी घरेही बरीच आहेत. तिथे पाहुणे निघताना कॉक फिरवतात आणि गिझरचे बटण विसरतात. वीज गेलेली असली तर बटण चालू आहे हे लक्षातही येत नाही. संध्याकाळी वीज परत येते आणि कुलूपबंद घरात गिझर तापू लागतो. सुरक्षा झडप मोकळी असेल तर एवढ्याने काही बिघडत नाही, फरशीवर थोडे पाणी पडते. ती बुजवलेली असेल तर सगळी मदार एका थर्मोस्टॅटवर येते.

थर्मोस्टॅटही थकतो

गिझरमध्ये सुरक्षेच्या पायऱ्या असतात. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट ही पहिली. तो अडकला तर त्याहून वरच्या तापमानाला वीज तोडणारा थर्मल कटआउट ही दुसरी. काही गिझरमध्ये विशिष्ट तापमानाला वितळणारा प्लगही असतो. आणि या सगळ्यांच्या मागे उभी असते ती यांत्रिक सुरक्षा झडप. तिला वीज लागत नाही. दाब वाढला की स्प्रिंग मागे सरते आणि पाणी बाहेर येते. घरगुती गिझरच्या पाटीवर बहुधा कमाल दाबाचा आकडा लिहिलेला असतो. अनेक गिझरवर तो ८ बार असतो. झडप टाकीला त्या मर्यादेच्या आत ठेवते.

रोजच्या वापरात प्लग लावलेला गिझर लगेच फुटत नाही, आणि म्हणूनच लोकांना धोका पटत नाही. ‘दोन वर्षं झाली, काही झालं नाही’ हे उत्तर नेहमीचे. पण त्या दोन वर्षांत टाकी रोज ताणते आणि रोज सैल होते. वेल्डिंगच्या रेषा थकतात, आतला काचेसारखा लेप तडकतो, गंज धरतो, हीटिंग एलिमेंटचा गॅस्केट पाझरू लागतो. पाझरलेले पाणी विजेच्या जोडणीपर्यंत गेले तर शॉक बसण्याचा धोका वेगळाच. अनेकदा गिझरची टाकी ‘अकाली’ गळते, त्याच्या कारणांत हा रोजचा दाब असतो.

खरा अनर्थ होतो तो थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही निकामी झाले तर. पाणी १०० अंशांना उकळते हे शाळेत शिकलेले वाक्य उघड्या भांड्यापुरते खरे आहे. दाब वाढला की उत्कलनबिंदू वर सरकतो. कुकरमध्ये पाणी १२० अंशांपर्यंत जाते ते यामुळेच. ८ बार दाबाखाली तर ते १७० अंशांच्याही पुढे द्रवरूपातच राहू शकते. अशी टाकी फाटली की दाब एकदम उतरतो आणि पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. १५ लिटर पाणी १५० अंशांवर असताना टाकी फाटली, तर सव्वा-दीड लिटर पाण्याची वाफ होते आणि तिला दोन हजार लिटरांहून अधिक जागा लागते. म्हणजे गच्चीवरच्या मोठ्या टाकीएवढी वाफ एका लहान न्हाणीघरात, एका क्षणात.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील स्पेन्सर गावच्या स्टार एलिमेंटरी शाळेत १९ जानेवारी १९८२ रोजी हे घडले. दुपारच्या जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरातला पाणी तापवायचा हीटर फुटला. सहा मुले आणि एक शिक्षिका यांचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. तापमान रोखणारी यंत्रणा निकामी झाली होती आणि सुरक्षा झडपेने आपले काम केले नव्हते. हीटर मोठा होता, पण त्यामागचे विज्ञान न्हाणीघरातल्या गिझरचेच आहे.

कुकरची शिट्टी बांधून कोणी डाळ शिजवत नाही. शिट्टी वाजली की वाफ वाया गेली असेही कोणी म्हणत नाही. कुकर आणि सुरक्षा झडप या दोन्हींचा मूळपुरुष एकच, वैद्यकीचे शिक्षण घेतलेला फ्रेंच संशोधक देनी पापँ. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने हाडे मऊ शिजवणारे बंद भांडे तयार केले आणि ते फुटू नये म्हणून वजनाने दाबून धरलेली झडप वापरली. कुकरमध्ये निदान वर हवेची मोकळी जागा ठेवलेली असते. गिझरमध्ये तीही नसते. मग त्याची शिट्टी बांधणे किती धोक्याचे!

कातडीला लागणारा वेळ

दाबाचा प्रश्न स्फोटापुरताच नाही. दाबाखाली अडकलेले गरम पाणी नळ उघडताच पहिल्या झटक्यात जोराने बाहेर येते. खालीच लहान मूल बसलेले असेल तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. ५५ अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची कातडी खोलवर भाजायला सुमारे अर्धा मिनिट लागतो. ६० अंशांना हा वेळ पाच सेकंदांवर येतो आणि ७० अंशांना एका सेकंदावर. मुलांची कातडी पातळ असते, त्यांना याहूनही कमी वेळ पुरतो. वृद्धांना पटकन बाजूला होता येत नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला तर भाजते आहे हे कळतच नाही. फोड आल्यावर समजते.

यावर गिझरचे तापमान अगदी उतरवून ठेवावे असेही नाही. २० ते ४५ अंशांच्या कोमट, साठून राहिलेल्या पाण्यात न्यूमोनियाला कारण ठरणारे लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. आठवडाभर बंद राहणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. साठवणीचे पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवावे आणि अंगावर घेताना विसण घालूनच घ्यावे. जुन्या रीतीत एक शहाणपण आहे. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि मुलाला बसवण्यापूर्वी कोपर बुडवून पाहणे. बोटांपेक्षा कोपराच्या कातडीला उष्णता लवकर कळते.

थेंब ओळखावा कसा

पाणी तापत असतानाच थेंब पडतात, बटण बंद झाल्यावर काही वेळात थांबतात, आणि एका तापवणीला जमणारे पाणी कपभर ते पेलाभर असते. हे झडप नीट काम करत असल्याचे लक्षण आहे.

गिझर बंद असतानाही दिवसभर थेंब पडत असतील, तर झडपेत गाळ किंवा क्षार अडकला आहे, स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा येणाऱ्या पाण्याचाच दाब फार आहे. बोअरचे पाणी जड असेल तर पांढरे क्षार झडपेच्या बसणीवर साचतात. अशा वेळी झडप साफ करून घ्यावी किंवा बदलावी. प्रेशर पंपाचा दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला असेल तर तो कमी करून घ्यावा.

झडपेतून वाफ किंवा सणसणीत गरम पाण्याची पिचकारी येत असेल, किंवा गिझरमधून उकळल्यासारखा आवाज येत असेल, तर थर्मोस्टॅट गेला असे समजावे. न्हाणीघरात उभे राहून नळ फिरवत बसू नये. बाहेरूनच मेन स्विच किंवा एमसीबी पाडावा, सगळ्यांना बाजूला करावे आणि टाकी पूर्ण थंड होईपर्यंत कशालाही हात लावू नये. दुरुस्तीआधी गिझर पुन्हा चालू करू नये.

थेंब कधीच दिसत नसतील तर झडप तपासून घ्यावी. बहुतेक झडपांना लहानशी कळ असते. गिझर बंद करून, पाणी गार झाल्यावर ती कळ उचलली की पाण्याची धार आली पाहिजे, आणि कळ सोडली की थांबली पाहिजे. धार आलीच नाही तर झडप जाम झाली आहे. दर महिना-दोन महिन्यांनी ही तपासणी करायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पाणी वाया न घालवता

आता त्या ताईच्या प्रश्नाकडे. १५ लिटरचा गिझर दिवसातून दोनदा पूर्ण तापवला तर झडपेतून जास्तीत जास्त अर्धा लिटर पाणी येईल. महिन्याचे झाले १५ लिटर, म्हणजे जेमतेम कळशीभर. तेही वाया घालवायची गरज नाही. झडपेच्या तोंडाला नळी जोडावी, ती उताराने खाली आणावी आणि तिचे तोंड बादलीवर मोकळे ठेवावे. साठलेले पाणी भांडी घासायला, कपड्यांना, झाडांना चालते. नळी गरम पाणी सोसणारी हवी, तिला कुठेही कॉक नको, पीळ नको, आणि तिचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेले नको. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ती उतरवावी.

एक नियम मिस्त्री आणि घरमालक दोघांनीही पाळावा : सुरक्षा झडप आणि गिझरची टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक बसवू नये. तो कॉक कोणी चुकून फिरवला तर झडप असून नसल्यासारखी होते. काही घरांत कंपनीने दिलेली झडप खोक्यातच पडून असते. ‘वरच्या टाकीचं पाणी आहे, गरज नाही’ असे बसवताना सांगितलेले असते. पुढे कोणीतरी प्रेशर पंप आणतो आणि तोच गिझर बंद नळव्यवस्थेत अडकतो. पंप किंवा नवा कॉक बसवताना गिझरची झडप जागेवर आहे का, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे.

लहान गिझरसाठी मोकळी झडप आणि नळी एवढे पुरते. मोठा गिझर, अनेक न्हाणीघरांना एकत्र गरम पाणी देणारी टाकी किंवा दाबावर चालणारी सौर यंत्रणा असेल, तर फुगवट्यासाठी वेगळी एक्स्पान्शन टँक बसवतात. हे एक बंद भांडे असते. आत रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबाने भरलेली हवा. पाणी फुगले की ते पडदा ढकलून आत शिरते, हवा दबते. नळ उघडला की हवा ते पाणी परत पाठवते. पाणी दबत नाही, हवा दबते, एवढ्यावर तिचे सगळे काम चालते. २५ लिटर साठ्याला पाचेक लिटरचे भांडे पुरेसे असते. मोठ्या साठ्याला त्या प्रमाणात मोठे लागते. ते एनआरव्हीच्या पुढे, गिझरच्या बाजूला बसले पाहिजे आणि त्यातल्या हवेचा दाब घरातल्या पाण्याच्या दाबाइतका भरलेला हवा. हवा दोन-तीन वर्षांत कमी होते, म्हणून वर्षातून एकदा ती तपासावी. अशी टाकी बसवली तरी सुरक्षा झडप काढायची नसते.

सौर यंत्रणेचे दुखणे निराळे. गच्चीवर दिसणाऱ्या बहुतेक घरगुती सौर टाक्या बिनदाबाच्या असतात. त्यांना वर जाणारा, तोंड उघडे असलेला हवेचा पाइप असतो. फुगलेले पाणी आणि वाफ तिथून निघते आणि टाकी रिकामी होताना हवा तिथूनच आत येते. हा पाइप गार पाण्याच्या टाकीतल्या वरच्या पातळीपेक्षा उंच असावा लागतो, नाहीतर त्यातून सतत पाणी वाहते. आणि पाणी वाहते म्हणून कोणीतरी त्याला बूच मारतो. मग तापताना टाकी फुगते, आणि रिकामी होताना आत हवा न मिळाल्याने पत्रा आत दबतो. पावसाळ्यानंतर या पाइपात पालापाचोळा किंवा कुंभारमाशीचे मातीचे घर नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे. अशा बिनदाबाच्या टाकीला प्रेशर पंप कधीही थेट जोडू नये.

भाजलेच तर

गरम पाण्याने किंवा वाफेने भाजले तर पहिली वीस मिनिटे फार मोलाची. भाजलेल्या भागावर नळाचे साधे गार पाणी वीस मिनिटे सोडत राहावे. नळाला पाणी नसेल तर स्वच्छ टबात धरून मगाने तेच पाणी पुन्हा पुन्हा घालावे. दोन बादल्या पुरतात. पाणी टंचाईचे दिवस असले तरी इथे हात आखडू नये. बर्फ लावू नये, त्याने कातडीची इजा वाढते. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कोलगेट-चुना यातले काहीही लावू नये. जखम दूषित होते आणि डॉक्टरांना खोली कळत नाही. बांगड्या, अंगठ्या, कडदोरा, पैंजण सूज चढण्यापूर्वी काढावेत. अंगाला चिकटलेला कपडा ओढू नये. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ, सुती, ओलसर नसलेले फडके सैल गुंडाळावे. लहान मुलाचे बाकीचे अंग उबदार ठेवावे.

माणसाच्या स्वतःच्या तळव्याएवढा भाग, बोटांसह, म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. मुलांमध्ये असे दहा तळवे आणि मोठ्यांमध्ये पंधरा तळवे भाजले असतील तर शिरेतून सलाइन द्यावे लागते. वेळ घालवणे जिवावर बेतू शकते. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिये भाजली असतील तर भाग लहान असला तरी रुग्णालय गाठावे. वाफ चेहऱ्यावर आली असेल आणि आवाज बसला, खोकला सुरू झाला किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर श्वासमार्गाला सूज येत असू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आधी सलाइन, वेदनाशामक आणि धनुर्वाताची लस मिळाली, की मोठ्या केंद्राकडे जाणारा पुढचा प्रवास रुग्णाला झेपतो.

या रविवारी एवढे करावे

गिझरच्या गार पाण्याच्या बाजूला झडप आहे का ते पाहावे. तिच्या तोंडाला टेप, एम-सील किंवा प्लग असेल तर गिझर बंद करून, पूर्ण थंड होऊ देऊन, जाणत्या मिस्त्रीकडून नवी झडप बसवून घ्यावी. जुना प्लग स्वतः उघडायला जाऊ नये, कारण आत दाब अडकलेला असू शकतो. झडपेवरचा दाबाचा आकडा गिझरच्या पाटीवरच्या आकड्याहून जास्त नाही ना, हे पाहावे. खाली नळी आणि बादली ठेवावी. घरातून निघताना आधी गिझरचे बटण, मग पाण्याचा कॉक, असा क्रम ठरवावा. शेतघर सांभाळणाऱ्या माणसालाही हा क्रम समजावून सांगावा.

झडप काही शे रुपयांना मिळते आणि ती बदलायला मिस्त्रीला अर्धा तासही लागत नाही. बादलीत जमलेले पाणी तुळशीला घालावे. थेंब मात्र पडू द्यावेत.